चिठ्ठीचा खालचा अर्धा

टेकडीवरच्या शाळेतली तिसरी वाचायला लागली, की खालच्या वळणावर सायकल ढकलत येणारा दूधवालासुद्धा घटकाभर थांबायचा. तेवीस मुलांचा एकच आवाज. कुठे अडखळणं नाही, कुठे गळणं नाही. पूर्णविरामाला सगळी एकदम थांबत आणि पुढच्या वाक्याला सगळी एकदम उठत. त्या लयीवर खिडकीच्या काचासुद्धा डोलतात, असं मोठ्या बाई म्हणायच्या, आणि काचांनी कधी नाही म्हटलं नव्हतं.

मोठ्या बाई या शाळेत एकोणतीस वर्षं होत्या. दोन खोल्यांची शाळा. मुख्याध्यापिका त्याच, तिसरी-चौथीच्या बाई त्याच, आणि गच्चीवरची पाण्याची टाकी भरून वाहायला लागली की हातातलं पुस्तक टाकून कॉक बंद करायला धावणाऱ्याही त्याच. वाचनावर त्यांचा फार जीव. पद्धत त्यांच्या आईची, तिच्याही आधीच्या कुणाची असेल. बाईंनी एक ओळ वाचायची, वर्गानं मागून म्हणायची, बोट ओळीखालून सरकवायचं. सोमवारी सुरू केलेला धडा शनिवारी असा म्हटला जायचा, की ऐकणाऱ्याचे हात आपोआप जोडले जावेत.

आणि तरीही गेल्या वर्षी शिक्षण कार्यालयातल्या तपासनीस बाई आल्या, मुलांना एकेकट्याला बोलावून त्यांनी हातात एक कधी न पाहिलेला उतारा ठेवला, तर तेव्हाच्या तिसरीतली पाचच वाचू शकली.

"परकं माणूस बघून बुजली हो," मोठ्या बाई म्हणाल्या होत्या. त्यांना ते मनापासून खरं वाटत होतं.

तपासनीस बाई वाईट नव्हत्या. चष्मा पुसत त्या म्हणाल्या, "बुजली असतील. पण बाई, वरून कागद आलाय. पुढच्या वर्षअखेरीला पुन्हा असंच वाचून घेणार. येत्या तिसरीतली निम्मी, म्हणजे तेवीसातली बारा मुलं तरी वाचती झाली नाहीत, तर तिसरी-चौथी खाली बाजारशाळेत हलवतील."

बाजारशाळा म्हणजे तीन किलोमीटर उतार आणि मग तो मोठा रस्ता. त्या रस्त्यानं ट्रक असे जात, की मोठी माणसंसुद्धा ओलांडताना देवाचं नाव घेत. आठ वर्षांची पोरं तो रोज दोनदा ओलांडणार? थोडी ओलांडतील. बाकीची आठवड्यातून तीनदा जातील, मग एकदा, मग धाकट्या भावंडाला सांभाळायला घरीच राहतील. हे बाईंना कुणी सांगायला नको होतं. या टेकडीवरचं एकेक दार त्यांना पाठ होतं.

त्याच वर्षी तपासनीस बाईंनी तीन शाळांची जोडणी केली. टेकडीची शाळा, बाजारशाळा आणि कालव्याकाठची शाळा. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी एका शाळेत बाकीच्या दोन शाळांतल्या शिक्षकांनी जायचं, मागच्या बाकावर बसून तास बघायचा आणि एका चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहायच्या. वरच्या अर्ध्यात, इथून मी काय घेऊन जातो. खालच्या अर्ध्यात, इथे मी काय ठेवून जातो. मग चहा, आणि चहाबरोबर चिठ्ठ्यांचं मोठ्यानं वाचन.

कल्पना गोड होती. पण माणूस मुळात भिडेचा. वर्षभर चिठ्ठ्यांच्या खालच्या अर्ध्यात "खिडकीला पडदा हवा", "फळा थोडा वर टांगावा" असलंच काहीबाही पडत राहिलं. बाजारशाळेचे मोठे गुरुजी, ज्यांना तिन्ही शाळा किल्लीगुरुजी म्हणत कारण कमरेला सतरा किल्ल्यांचा जुडगा घेऊन ते जिथे जात तिथे वाजत जात, त्यांनी तर सलग तीन वेळा "पायपुसणे हवे" एवढंच ठेवलं होतं. पायपुसणं काही कुणी घेतलं नाही.

आता यातली खरी गंमत अशी, की कालव्याच्या शाळेची तिसरी शिकवणारी बाई ही मोठ्या बाईंची सून होती.

घरात स्वयंपाकाचा ओटा एक, आणि त्यावर दोन शिक्षिका. मोठ्या बाईंचा मुलगा बसच्या डेपोत मेकॅनिक. त्यानं लग्नानंतर आठच दिवसांत नियम काढला होता, "जेवताना शाळा बंद." नाहीतर म्हणे घास तोंडाशी नेला की कानावर हजेरी पडते.

सून मोठी नीटस. डब्यांवर चिठ्ठ्या लावायची, चिठ्ठीवर तारीख घालायची. डाळीच्या डब्यावर "डाळ" लिहून तिचं भागत नसे, "डाळ, किडे बघून घेणे" असं लिहायची. कोरी जागा दिसली की तिचा हात शिवशिवायचा. मोठ्या बाई तिला चिडवायच्या, "अगं, माझ्या पाठीवर नको लावूस चिठ्ठी." त्यावर ती हसून म्हणायची, "तुमच्यावर काय लिहू आई? जपून हाताळणे?"

तर सहामाहीनंतरच्या पहिल्या सोमवारी पाळी आली टेकडीच्या शाळेची. किल्लीगुरुजी वाजत आले. सून सासूबरोबर घरातून निघाली, पण फाटकापाशी आल्यावर चार पावलं मागे राहिली आणि पाहुणीसारखी आत आली. तपासनीस बाई कोपऱ्यात खुर्ची ओढून बसल्या. सूनबाईंना जागा मिळाली मागच्या बाकाच्या टोकाला, लाल लोकरी टोपीवाल्या मुलीशेजारी. ही मुलगी उन्हाळ्यातसुद्धा टोपी काढत नसे. मावशीनं विणली होती, आणि मावशी लांब गेली होती.

तास झकास झाला. मोठ्या बाईंनी ओळ टाकावी आणि वर्गानं ती झेलावी. किल्लीगुरुजी तर मान हलवता हलवता किल्ल्यांनी ठेकाही धरून बसले. मग बाईंनी एकेकाला उठवलं. टोपीवाली उभी राहिली आणि तिनं नदीच्या प्रवासाचा अख्खा धडा एका दमात वाचून काढला. कुठे म्हणून ठेच नाही.

चहा आला. चिठ्ठ्या निघाल्या. गुरुजींनी वाचलं, "घेऊन जातो, वर्गाचा एकजीव सूर. ठेवून जातो," इथे त्यांनी जरा खोकल्यासारखं केलं, "पायपुसणे."

मग सून उभी राहिली. "घेऊन जाते," ती म्हणाली, "इथली मुलं चुकीची भीती न बाळगता बाईंकडे बघून हसतात. माझ्या वर्गात हसत नाहीत. हे मला हवंय."

"आणि खाली?" तपासनीस बाईंनी विचारलं.

"खाली... वेळ संपली."

मोठ्या बाईंना तेव्हा छाती फुगल्यासारखं वाटलं. सुनेला बोट ठेवायला जागा सापडली नाही! घरात मीठ चिमूटभर कमी पडलं तरी जिच्या भुवया बोलतात, तिला इथे काही बोलायला उरलं नाही. तो आनंद त्यांना खालच्या वळणापर्यंत पुरला. वळणावर त्यांच्या मनात पाल चुकचुकली. डाळीच्या डब्यावर किड्यांची सूचना लिहिणारी पोर अर्धी चिठ्ठी कोरी सोडेल?

संध्याकाळी दोघी ओट्याशी मटार सोलत बसल्या. बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "खालचा अर्धा कोरा का गं?"

"सुचलं नाही, आई."

एवढं म्हणताना सुनेचे कान लाल झाले, आणि सोललेले दाणे तिनं सालांच्या ताटात टाकले. बाईंनी ते पाहिलं. त्या रात्रीचं जेवण त्यांना भाजीत मीठ आहे की नाही हेही न कळता गेलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात आल्या आल्या बाईंनी एक गोष्ट केली, जी एकोणतीस वर्षांत केली नव्हती. त्या मागच्या बाकाच्या टोकाला, सून बसली होती तिथे, जाऊन बसल्या. मुलं खुदखुदली.

"टोपी, तू वाच गं. कालचाच धडा."

टोपीवालीनं पुस्तक उघडलं. पान एक्केचाळीस. वाचायला लागली, बोट सरकू लागलं. पान संपलं. मुलगी थांबली नाही. बोट पुन्हा त्याच पानाच्या पहिल्या ओळीवर गेलं आणि तोंडातून बेचाळिसावं पान वाहू लागलं. तेही संपलं, बोट तिसऱ्यांदा वर गेलं, तोंडातून त्रेचाळिसावं. मग तिनं पान उलटलं. जाड, पुठ्ठ्यासारखं, दोन पानांचं एक झालेलं. घरी धाकट्या भावानं त्यावर खळ सांडली होती आणि ती दोन्ही पानं कायमची एकमेकांच्या तोंडाला चिकटली होती. उघडतच नव्हती. आणि त्या न उघडणाऱ्या पानांवरचं सगळं पोरीनं घडाघड वाचून टाकलं होतं.

बाई उठल्या. त्यांनी टेबलावरचं खडूचं खोकं उचललं आणि तिच्यापुढे धरलं. "यावर काय लिहिलंय, वाच बघू."

टोपीवालीनं खोकं बघितलं, फिरवलं, पुन्हा बघितलं. मग मोठ्या विश्वासानं बाईंच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "बाई, हा धडा अजून झाला नाही आपला."

वर्ग हसला नाही. वर्गाला ते अगदी रास्त वाटलं.

त्या दिवशी मधल्या सुट्टीपर्यंत बाईंनी एकेकाला जवळ घेऊन वाचून घेतलं. खोकं, कॅलेंडर, औषधाची बाटली, जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा. वाचणारी निघाली सात. बाकी सोळा जणांना धडे पाठ होते. तेही असे, की स्वतः बाईंना ते वाचताहेत असं वाटावं, आणि मुलांनाही आपण वाचतोय असंच वाटावं. कुणी कुणाला फसवलं नव्हतं. एकमेकांच्या प्रेमात सगळीच फसली होती.

बाई टाकीखालच्या पायरीवर जाऊन बसल्या. देवाचं एक बरं असतं, तो परीक्षा घेतो, पण निकाल वर्गासमोर वाचून दाखवत नाही. आधी एकट्याला बाजूला घेतो. आता पुढे काय करायचं हे त्यानं आपल्यावर सोडलंय, हे बाईंना कळत होतं, आणि नको इतकं कळत होतं. झाकली मूठ झाकलीच ठेवता येत होती. पोरं बुजतात, हे यंदाही म्हणता आलं असतं. फक्त वर्षअखेरीला त्या मुठीतून टेकडीची तिसरी-चौथी सांडून गेली असती.

घरी आल्यावर त्या थेट ओट्याशी गेल्या. सून कांदा चिरत होती.

"तुला दिसलं होतं."

सुनेची सुरी थांबली. "हो."

"मग लिहिलं का नाहीस?"

"मोठ्यानं वाचावं लागलं असतं, आई. गुरुजींसमोर, तपासनीस बाईंसमोर. आणि मग संध्याकाळी याच ओट्याशी आपण दोघींनी मटार सोलायचे. मला राहायचंय या घरात."

"आणि माझी पोरं ट्रकांच्या रस्त्यानं गेली असती, ते चाललं असतं तुला?"

सुनेच्या डोळ्यांना धार लागली. कांद्याचं निमित्त मिळालं. "नसतं चाललं. रात्रभर झोप नव्हती मला. चार वेळा म्हटलं उठून सांगावं. आई, तुमच्यासमोर तोंड उघडायला मला अजून भीती वाटते."

"माझी? भीती?" बाईंना हे खोक्यापेक्षा जास्त लागलं. पोरं हसतात आपल्याकडे बघून, आणि घरातली पोर घाबरते!

तेवढ्यात मुलगा डेपोतून आला, हात पुसत दारात उभा राहिला. "नियम काय आहे? शाळा बंद."

"अजून जेवायला बसलो नाही!" दोघी एकदम म्हणाल्या, आणि एकदम म्हणाल्या म्हणून दोघींना हसू फुटलं. रडता रडता आलेलं हसू, थांबेना.

त्यालाही मग सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "उतारावर बंद गाडीसुद्धा झकास पळते, आई. आवाज नाही, धूर नाही. चढ लागला की कळतं इंजिन चालू होतं का ते. त्यात गाडीचा काय दोष? खोलायची आणि बसवायची."

"एवढं सोपं?"

"सोपं कुठे म्हटलं? हात काळे होतात."

मग सुनेनं नाक पुसलं आणि तिचंही गाठोडं सोडलं. "माझी पोरं वाचतात, आई. पण मुक्यानं. वाचून झाल्यावर विचारलं, गोष्टीत काय झालं, तर पायाच्या अंगठ्याकडे बघतात. एकसुद्धा बोलत नाही. मी कडक आहे ना, तुमच्याकडून शिकायचं होतं. तेही कधी विचारलं नाही."

पुढच्या महिन्याचा सोमवार बाजारशाळेत होता. मोठी इमारत, लांब व्हरांडा, आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत भिंतभर लोखंडी कपाटं. तास झाला, चहा आला. किल्लीगुरुजी चिठ्ठी काढणार, इतक्यात मोठ्या बाई उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात तपासनीस बाईंकडून मागून आणलेली गेल्या महिन्याची, सुनेची चिठ्ठी होती. खालचा अर्धा आता भरलेला होता, बाईंच्या अक्षरात.

"ही राहून गेली होती," त्या म्हणाल्या, आणि चष्मा चढवून वाचू लागल्या. "टेकडीच्या शाळेतल्या तेवीसपैकी सोळा मुलांना वाचता येत नाही. त्यांना पाठ येतं. चूक मुलांची नाही. शिकवणाऱ्या बाईंची आहे, आणि ती बाई मी आहे."

बाईंना वाटलं, आता कुणीतरी समजूत घालेल, असं काही नाही हो बाई, वगैरे. त्या समजुतीचीच त्यांना जास्त धास्ती होती.

पण तसं झालं नाही. किल्लीगुरुजी उठले. जुडग्यातली एक किल्ली शोधायला त्यांना वेळ लागला. कोपऱ्यातलं कपाट त्यांनी उघडलं. आत गोष्टींची पुस्तकं होती, खालपासून वरपर्यंत, प्लास्टिकच्या वेष्टनात, जशी छापखान्यातून आली तशी.

"सहा वर्षं झाली," गुरुजी म्हणाले. "तीनशेवर आहेत. फाटतील म्हणून दिली नाहीत. माझ्या शाळेतल्या मुलांना माहीतसुद्धा नाही की शाळेत पुस्तकं आहेत." मग बाईंकडे बघून म्हणाले, "तुम्ही तुमची मूठ उघडलीत, म्हणून मी माझं कपाट उघडलं. नाहीतर मी आजही पायपुसणंच लिहून आणलं होतं."

आधी सून हसली, मग तपासनीस बाई, मग स्वतः गुरुजी, किल्ल्यांसकट. सुनेनं आपल्या मुक्या वर्गाचं सांगितलं. तपासनीस बाई चष्मा पुसत राहिल्या, नको इतका वेळ. शेवटी म्हणाल्या, "वर्षभर मी तुमच्या चिठ्ठ्या जमवते. आज पहिल्यांदा त्यात काहीतरी वाचायला मिळालं."

टेकडी उतरताना वाटणारी भीती वेगळी आणि चढताना येणारा दम वेगळा. त्या दिवशी मोठ्या बाईंना दम लागला होता, पण छाती हलकी होती.

मग हात काळे करायचे दिवस आले. दर मंगळवारी सून टेकडीवर यायची आणि त्या दिवशी तिचा वर्ग किल्लीगुरुजी स्वतः घ्यायचे. दर गुरुवारी मोठ्या बाई कालव्यावर जायच्या आणि चौथीसकट त्यांची पोरं गुरुजींचा एक शिक्षक येऊन सांभाळायचा. पुस्तकं वर जायची दूधवाल्याच्या सायकलवर, कॅनच्या मध्ये पोत्यात बांधून. गुरुजींनी पहिल्या दिवशी त्याला तीनदा बजावलं, "सांडू नकोस हो," आणि तो म्हणाला, "गुरुजी, मी दूध सांडत नाही, गोष्टी काय सांडीन?"

टेकडीवर मागून म्हणणं बंद झालं. प्रत्येक मुलाच्या हातात वेगळं पुस्तक. सुनेनं अक्षरं सुटी केली, पुन्हा जोडली, शब्द कापून डब्यांत टाकले आणि डब्यांवर अर्थातच चिठ्ठ्या लावल्या. वर्गातून येईना तो सूर. नुसती कुजबुज, अडखळ, "बाई हे काय?" आणि मध्येच लांब शांतता. आठवड्यानं दूधवाला दारात डोकावला. "बाई, कुणी आजारी आहे का? शाळा गप का?"

त्यानं काळजीनं विचारलं होतं. टोपीवालीच्या आईनं काळजीनं नाही विचारलं. ती लाँड्रीत इस्त्री करायची, तशीच गरम येऊन उभी राहिली. "पोरगी पूर्वी कशी फाडफाड वाचायची! आता एका ओळीला चारदा थांबते. काय केलंत हो तिला?"

बाईंच्या ओठांवर आलं होतं, की पूर्वी ती वाचतच नव्हती. पण आईला हे कसं सांगायचं? त्या एवढंच म्हणाल्या, "चालायला शिकताना पोर पडतं ना गं? कडेवर होती तेव्हा नव्हती पडत."

आई गेली. बाई मात्र त्या दिवशी फळ्याकडे तोंड करून बराच वेळ फळा पुसत राहिल्या. महिना झाला होता, आणि सातची नऊ झाली होती. फक्त नऊ. जे मोडलं ते मोडलं, आणि नवं उभं राहिलं नाही तर? त्या रोज संध्याकाळी देवापुढे उभ्या राहत आणि काही मागत नसत. नुसता आकडा सांगत. नऊ. मग दहा. एका आठवड्यात पुन्हा नऊ, कारण एकाला गोवर आला आणि तो सगळं विसरून आला. मग अकरा.

कालव्यावर मात्र मजा चालली होती. बाई तिथे जाऊन मुद्दाम गोष्ट चुकीची सांगत. पहिले दोन गुरुवार मुलं अंगठ्याकडे बघत बसली. तिसऱ्या गुरुवारी बाईंनी सिंहाला झाडावर चढवून अंडी घालायला लावली, आणि मागून एक मुलगा न राहवून ओरडला, "नाही हो बाई! सिंहीण पण नाही घालत!" त्यानंतर त्या वर्गाला गप्प करणं सुनेला जड जाऊ लागलं. घरी ती तक्रार करायची, "आई, काय करून ठेवलंत?" आणि तक्रार करताना तिचा आवाज चढायचा, भुवयांसकट. बाई मनातल्या मनात म्हणायच्या, चढू दे बाई, चढू दे.

परीक्षेचा दिवस मंगळवार होता; कालव्याचा वर्ग त्या दिवशी गुरुजींच्या शिक्षकाकडे होता. वाचून घेणार किल्लीगुरुजी आणि तपासनीस बाई, उतारा कार्यालयातून बंद पाकिटात आलेला. नियम असा की वर्गाच्या बाईंनी बाहेर थांबायचं. मोठ्या बाई टाकीखालच्या पायरीवर बसल्या. शेजारी सून. वर टाकीत पाणी पडत होतं.

एकेक मूल आत जात होतं, बाहेर येत होतं. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. मुलांना आठ वर्षांपर्यंत चेहऱ्यावर निकाल धरता येत नाही, लगेच खेळायला पळतात. खिडकी उघडी होती, पण आवाज पुसट. मोठ्या बाई बोटांवर मोजत होत्या आणि विसरत होत्या.

मग टोपीवाली आत गेली. ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली, त्यामुळे तिचा शब्दन् शब्द ऐकू आला.

"एक... एका नदीत. एका नदीत एक होडी होती. होडीत एक... म्हा... म्हातारा आणि त्याची ब... बकरी." थांबली. इतका वेळ थांबली, की सुनेनं बाईंचा हात धरला की बाईंनी सुनेचा, ते कुणालाच कळलं नाही. "म्हातारा होडी वल... वल्ह..." पुन्हा शांतता. वर टाकीत पाण्याची धार. मुलगी वाक्याच्या सुरुवातीला परत गेली. "म्हातारा होडी वल्हवत होता. तो... झोपला. उठून ब... बघतो तर बकरीनं वल्हंच... खाल्लं."

आणि ती हसली. खुदकन, आपलं आपल्याशी. मग मोठ्यानं.

मोठ्या बाईंनी डोळे मिटले. एकोणतीस वर्षं त्यांच्या वर्गानं धडे म्हटले होते, त्यांत हसण्यासारखे कितीतरी होते, आणि एकदाही, एकदाही कुणी वाचता वाचता हसलं नव्हतं. त्यांना आजवर ते जाणवलं नव्हतं. इतक्या गोड सुरांपेक्षा ही अडखळती, धापा टाकणारी, मध्येच हसणारी ओळ त्यांच्या कानाला अशी लागली, की जन्मभर ऐकलेलं सगळं कीर्तन तिच्यावरून ओवाळून टाकावं.

टोपीवाली धावत बाहेर आली. टोपी तिरकी झाली होती. "बाई! हा धडा झालाच नव्हता आपला. तरी मी वाचला! पण पुढं लिहिलंच नाही हो. ती होडी घरी कशी गेली?"

"तूच सांग," सून म्हणाली.

"बकरीला पाण्यात उतरवून ढकलायला लावायची," टोपीवाली म्हणाली, "खाल्लंय तिनं तर!" आणि गेली खेळायला.

शेवटचं मूल बाहेर आल्यावर बऱ्याच वेळानं किल्ल्यांचा आवाज जवळ आला. किल्लीगुरुजी दारात आले, हातात कागद. त्यांनी गंभीर तोंड करायचा प्रयत्न केला, जमला नाही. "पंधरा," ते म्हणाले. "आणि दोन काठावर. त्या दोघांना मी पंधरात धरलेलं नाही, धरलं असतं तर भांडण झालं असतं," आणि त्यांनी तपासनीस बाईंकडे बोट दाखवलं.

"वर्ग इथेच राहील," तपासनीस बाई म्हणाल्या. "मी आजच लिहून पाठवते."

इतके महिने ज्या ट्रकांचा आवाज बाईंच्या कानात होता, तो कुणीतरी बंद केल्यासारखा गेला. मागे उरला मैदानातला आरडाओरडा. त्यांच्या तोंडातून निघालं ते एवढंच, "उरली आठ."

"आठ मंगळवारांत होतील," सून म्हणाली.

"सहाच धरा," गुरुजी म्हणाले. "काठावरचे दोघे माझ्याकडे. त्यांना सुट्टीत पुस्तकं घरी नेऊ देणार आहे. फाटू देत."

तेवढ्यात वरून धबाधबा आवाज आला. टाकी भरून वाहायला लागली होती. गुरुजींच्या डोक्यावर पहिली धार पडली, ते किल्ल्यांसकट उडाले. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा मोठ्या बाई धावल्या नाहीत. धावली सून. कॉक बंद करून ती भिजलेली परत आली, आणि कपाळावरचं पाणी पुसत कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आई, किती वेळा सांगायचं, टाकीवर चिठ्ठी लावा म्हणून! लक्ष कुठे असतं तुमचं?"

तपासनीस बाई चपापल्या. गुरुजींनी नजर दुसरीकडे वळवली.

मोठ्या बाई सुनेकडे बघत राहिल्या आणि त्यांचं सगळं तोंड हसलं.

"लाव गं," त्या म्हणाल्या. "मोठ्या अक्षरात लाव. आता वाचतील पोरं."